मिठाच्या आवाजात हरवणारं सोनं

वडोदऱ्याला समुद्र नाही, पण समुद्राचं पाणी अंगणात करता येतं. ४५ सेंटिमीटर रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा टब घ्यायचा, त्यात २० लिटर पाणी आणि ७०० ग्रॅम मीठ. म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम, खुल्या समुद्राच्या खारेपणाचं हेच सर्वसाधारण प्रमाण. खडेमीठ असेल तर तळाशी एकही खडा राहणार नाही इतकं ढवळायचं. टबात १२-१३ सेंटिमीटर पाणी होतं. आता मेटल डिटेक्टर चालू करा, ११ इंची कॉइल (मशीनच्या दांड्याच्या टोकाची चकती) पाण्यापासून दोन बोटं वर धरा आणि सावकाश वर-खाली करा. टबात टाचणीसुद्धा नाही, तरी मशीन बोलायला लागतं. शेजारी तेवढ्याच नळाच्या पाण्याचा टब ठेवला तर त्याच्यावर तेच मशीन गप्प.

दीव, दमण, तिथल किंवा दुमसच्या किनाऱ्यावर हरवलेलं सोनं शोधायला मशीन घेऊन जायच्या आधी हा टब करून बघावाच, असं आमचं आग्रहाचं मत आहे. पुस्तिकेची चाळीस पानं वाचून जे कळत नाही ते या टबाशी अर्ध्या तासात कळतं. फक्त जागा नीट निवडा. अगाशीत अजिबात करू नका, स्लॅबमधल्या लोखंडी सळया मशीनला बाकी काही ऐकूच देणार नाहीत. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच तत्त्वाच्या यंत्राने शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही, आणि त्याचं एक कारण पलंगातल्या पोलादी स्प्रिंगा हे सांगितलं जातं. आपली अगाशी म्हणजे तोच पलंग. मातीचं अंगण किंवा बागेचा कोपरा बरा. इन्व्हर्टर, मिक्सर आणि मोबाइल लांब.

मीठ बोलतं कसं, ते आधी समजून घेऊ. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहक वस्तूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि दुसरं वेटोळं त्या प्रवाहांचा प्रतिसाद टिपतं. प्रतिसाद किती मोठा आहे आणि किती उशिरा आला, या दोन गोष्टींवरून मशीन धातूची जात ओळखतं. समुद्राचं पाणी सोन्याच्या तुलनेत जवळजवळ कोटीपट कमी वाहक आहे. पण अंगठी असते दोन-चार ग्रॅमची, आणि कॉइलखालची ओली वाळू असते घमेलंभर. त्या सगळ्या पाण्याचा मिळून होणारा आवाज अंगठीच्या आवाजाला सहज झाकतो.

आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की मीठ ज्या स्वरात बोलतं, त्याच स्वरात नाजूक सोनं बोलतं. चॉकलेटची चांदी, नथ, कानातला डूल, पातळ पत्र्याची अंगठी, ओली खारी वाळू, हे सगळे मशीनच्या पट्टीवर एकाच टोकाला जवळजवळ बसलेले असतात. म्हणून खाऱ्या किनाऱ्यावरचं सगळं ट्यूनिंग एका प्रश्नाशी येऊन थांबतं: मिठाला गप्प करताना किती सोनं गप्प करायला आपण तयार आहोत? मशीनवरचं प्रत्येक बटण हाच सौदा वेगवेगळ्या भाषेत मांडतं.

टबाचा खरा उपयोग इथे होतो. घरातली एक जोडवी, मंगळसूत्राची सुटी वाटी, एखादी नथ, असे नमुने जाड नायलॉनच्या दोऱ्याने लाकडी काडीला बांधा आणि कॉइलखालून फिरवा, आधी हवेत, मग मिठाच्या पाण्यातून. पडद्यावरचे आकडे वहीत लिहा. चांदीची जोडवी दणदणीत वाजते, मात्र तिची दोन टोकं उघडी असतील तर बरीच मऊ होते, कारण प्रवाहाला गोल फिरायला बंद कडं मिळत नाही. मंगळसूत्राचा सर पोतीचा असो की बारीक कड्यांचा, मशीनला जवळपास दिसतच नाही. सुट्या कडीला कडी नुसती टेकलेली असते, आणि प्रत्येक कडी स्वतंत्रपणे एवढीशी बोलते. मशीन ऐकतं ते वाट्यांना. वाटी पोकळ आणि पत्र्याची असते, पण तिला रुंदी आहे. साखळीचंही तसंच, तिचा आकडा म्हणजे बहुधा तिच्या हुकाचा आकडा. किनाऱ्यावर कुणाची साखळी शोधायला निघालात तर आपण हूक शोधतो आहोत हे लक्षात ठेवून चालावं लागतं. आणि हूक नेमका मिठाच्या शेजारी बसतो.

आता वाळूकडे वळू. मिठाचा दोष एका दिशेला खेचतो तर काळ्या वाळूचा बरोबर दुसऱ्या दिशेला. आपल्याकडे दुमस आणि तिथल, दोन्हीकडे वाळू काळसर. मॅग्नेटाइटसारखे लोहखनिजाचे कण असलेली वाळू चुंबकीय असते. ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करायच्या जुळणीचा, आकडा ज्या मशीनवर ० ते ९९ असतो, त्यांपैकी बऱ्याच मशीनवर ओली खारी वाळू २५ च्या खाली येते आणि काळी चुंबकीय वाळू ७० ते ९० मध्ये. एकाच फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे कॉइलमधला प्रवाह एकाच वेगाने बदलणाऱ्या, मशीनला एका वेळी एकच आकडा धरता येतो. मिठाला शून्य केलं की काळी वाळू बोलते, काळ्या वाळूला शून्य केलं की मीठ. ओल्या काळ्या किनाऱ्यावर अशा मशीनशी झगडणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, त्याला एका हाताने दोन दारं बंद करायला सांगितलेलं असतं.

दीवची गोष्ट वेगळी. तिथला खडक चुनखडीचा, वाळू फिकी, शिंपल्यांच्या चुऱ्याची. मिठाचा त्रास आहे, लोहकणांचा फारसा नाही. जुनं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन असेल तर नागवा किंवा घोघल्याला त्याला न्याय मिळतो. वाळू कशी आहे हे नजरेवर सोडू नका. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या वाळूतून दोन-तीन वेळा फिरवा. पिशवीवर काळी मिशी उगवली तर कळलं, आज दोन्ही दारं उघडी आहेत. पिशवी उलटी केली की चुंबक स्वच्छ राहतो. हे न करता थेट चुंबक फिरवला तर ते कण काढताना नखं दुखतात.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीन याच कारणाने किनाऱ्यावर चालतात. मिठाचा प्रतिसाद फ्रिक्वेन्सीबरोबर एका रीतीने बदलतो आणि चुंबकीय वाळूचा दुसऱ्या रीतीने, तेव्हा दोन-तीन फ्रिक्वेन्सींची तुलना करून मशीन दोघांनाही वजा करू शकतं. फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेत ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सी एकत्र चालत. मायनलॅब कंपनीचं एक्सकॅलिबर वर्षानुवर्षं पाण्यात उतरणाऱ्यांच्या हातात राहिलं, आणि २०१८ पासून त्याच कंपनीच्या इक्विनॉक्सने तेच काम हलक्या वजनात आणलं. त्यातला ‘बीच १’ हा मोड कोरड्या आणि ओल्या वाळूसाठी आहे. ‘बीच २’ पाण्याखाली आणि फुटत्या लाटांत वापरायचा, त्यात मशीन स्वतःच प्रक्षेपणाची ताकद कमी करतं. ताकद कमी झाली म्हणून पुष्कळ लोक तो टाळतात. गुडघाभर पाण्यात मात्र तोच शहाणा. भरलेल्या सभागृहात कुणी ओरडून गात नाही, मागच्या रांगेपर्यंत स्वर स्वच्छ पोचला की झालं.

पल्स इंडक्शनची मशीन तिसऱ्या वाटेने जातात. ती एक तीव्र झटका देतात, थांबतात, आणि मग ऐकतात. खाऱ्या पाण्यातले प्रवाह फार लवकर विरतात, म्हणून साधारण १० मायक्रोसेकंदांहून अधिक थांबलं की मीठ आपोआप गप्प होतं आणि काळ्या वाळूचाही त्रास बराच कमी होतो. खोली उत्तम मिळते. पण पातळ सोन्यातले प्रवाहही तितक्याच लवकर विरतात, म्हणजे डिले (थांबायचा वेळ) वाढवला की पुन्हा तोच सौदा. शिवाय या मशीनला धातूतला फरक फारसा सांगता येत नाही. खिळा, पिन, बाटलीचं बूच, सगळ्यांसाठी खड्डा खणावा लागतो. जत्रेसारखी गर्दी असलेल्या दुमसवर पल्स मशीन घेऊन जाणं म्हणजे दिवसभर बुचं वेचणं.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर क्रम महत्त्वाचा. गाडीतून काढलेलं मशीन उन्हाने तापलेलं असतं, आणि कॉइल तापली की तिच्या वेटोळ्यांचा तोल किंचित सरकतो. पाण्यात काम करायचं असेल तर कॉइल आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. मग नॉइज कॅन्सल, म्हणजे आसपासचा विजेचा गोंगाट टाळणं, कॉइल न हलवता. मोबाइल विमान मोडमध्ये, दुसरा कुणी मशीन घेऊन आला असेल तर त्याच्यापासून १०-१५ मीटर लांब. त्यानंतर ग्राउंड बॅलन्स, आणि तो जिथे शोधायचं तिथल्याच वाळूवर. सगळ्यात जास्त चूक इथे होते. गाडीतून उतरल्या उतरल्या कोरड्या वाळूवर बॅलन्स केला जातो, माणूस ओल्या वाळूत उतरतो आणि मशीन किंचाळायला लागतं. कोरड्या वाळूतलं मीठ जवळपास मुकं असतं, ओल मिळाल्याशिवाय ते वाहक होत नाही. म्हणून भरतीरेषेच्या वर एक तोल, ओल्या पट्ट्यात दुसरा, घोट्याभर पाण्यात तिसरा.

बॅलन्स करताना आधी ती जागा धातूमुक्त आहे याची खात्री करा. कॉइल १५-२० सेंटिमीटर वर न्या, वाळूपासून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, पुन्हा वर, एका लयीत. वर जातानाचा आणि खाली येतानाचा आवाज सारखा झाला की तोल जमला. हाताने बॅलन्स करायच्या मशीनवर किंचित खाली-वर करून बघावं लागतं. थ्रेशोल्डचा, म्हणजे सतत चालू राहणारा, बारीक सूर ठेवता येत असेल तर जरूर ठेवा. त्याला तंबोऱ्याच्या षड्जासारखं मागे वाहू द्यायचं. पुष्कळदा नाजूक डुलाची खूण म्हणजे स्पष्ट टोन नसतोच, त्या सुराला पडलेली नुसती सुरकुती असते, आणि सूर बंद केलेल्याला ती ऐकू येत नाही.

संवेदनशीलता शेवटी. २५ पैकी १५ पासून सुरुवात करा, कॉइल झुलवत एकेक पायरी चढा, पोकळ टिकटिक सुरू झाली की दोन पायऱ्या उतरा. २३ वर ठेवून आरडाओरडीत चालणाऱ्यापेक्षा १६ वर शांतपणे चालणारा जास्त खोलवरचं ऐकतो, कारण खरा आवाज त्याला वेगळा काढता येतो. डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या धातूंचे आकडे कापून गप्प करण्याबद्दल, आमचं मत ठाम आहे: ओल्या वाळूत लोखंडाच्या वर काहीही कापू नका. मिठाचे आकडे कापून शांतता मिळते खरी, पण नथ, डूल आणि साखळीचा हूक त्याच कापलेल्या तुकड्यात जातात. शांतता हवी असेल तर ती संवेदनशीलता उतरवून घ्या. त्यात खोली थोडी जाते, जात कुठलीच जात नाही. लोखंड कापल्याने आपली १ आणि २ रुपयांची स्टीलची नाणी मागे राहतील. ती चुंबकाला चिकटतात, त्यांचा आकडा मशीनला गोंधळात टाकतो, आणि त्यांच्यासाठी पाठ वाकवण्यात अर्थ नाही.

ऑटो ट्रॅकिंग, म्हणजे मशीनने ग्राउंड बॅलन्स स्वतःच बदलत राहणं, किनाऱ्यावर कामाचं, कारण ओल पावलापावलाला बदलते. पण एक सवय लावून घ्या. क्षीण आवाज मिळाला की त्याच्यावर कॉइल वीस वेळा घासू नका. ट्रॅकिंग त्या सोन्यालाच जमीन समजतं आणि हळूहळू पुसून टाकतं. तपासायचं असेल तर ट्रॅकिंग बंद करा, किंवा हातभर बाजूला जाऊन पुन्हा या. आवाज खरा असेल तर तो त्याच जागी, दोन्ही दिशांनी मिळतो. मिठाचा आवाज जागा बदलतो आणि बहुधा एकाच दिशेच्या झुलण्यात येतो.

झुलणं हा स्वतंत्र विषय आहे. ओल्या वाळूवर कॉइलची उंची बदलणं म्हणजे मिठाचं प्रमाण बदलणं. हात टोकाला गेला की मनगट नकळत वर उचललं जातं आणि मशीन दर फेरीच्या शेवटी बोलतं. दोन-तीन सेंटिमीटर उंची या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ठेवा, झूल आखूड ठेवा, वेग भिजल्या अंगणात झाडू मारण्याइतका. चालायचं कसं, हेही यातून ठरतं. लाटेकडे तोंड करून चाललात तर पावलागणिक ओल वाढत जाते आणि केलेला तोल मागे पडतो. किनाऱ्याला समांतर चाललात तर मशीनला फार वेळ एकाच प्रकारची वाळू मिळते. लाट कॉइलवरून सरकत असेल तेव्हा हात थांबवा. अर्धी कॉइल पाण्यात आणि अर्धी हवेत, या स्थितीत कुठलंही मशीन खरं बोलत नाही.

किरकोळ वाटणारे दोन दोष. कॉइलच्या खालच्या कव्हरमध्ये खारं पाणी आणि वाळू साचते. ती कॉइलच्या अगदी अंगाला असते, झुलताना डुचमळते, आणि विनाकारण आवाज काढते. तासाभराने कव्हर काढून रिकामं करा, किंवा किनाऱ्यावर कव्हर लावूच नका. दुसरा दोष केबलचा. दांड्याभोवती ती घट्ट वेटोळी हवी, कॉइलजवळची शेवटची वीतभर तर अजिबात हलता कामा नये. खणायचा जाळीदार लोखंडी झारा, पुढे पोलाद असलेले बूट, हातातलं कडं, हे कॉइलपासून लांब. झाऱ्याची भोकं मोठी असली की वाळू लवकर गळते आणि डूलही गळतो. कोरड्या वाळूसाठी बारीक भोकांचा झारा वेगळा ठेवलेला बरा.

वेळ मात्र समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी जास्त खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता वगैरे. खंभातच्या आखातात तो हिशेब तसाच लावू नका. भरतीचं पाणी आत पोचायला वेळ लागतो, आणि भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्याही वर जातो. वडोदऱ्याहून जवळ पडणारं कावी-कंबोई सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं, आणि ते पाणी किती भराभर चढतं हे तिथे उभं राहून कळतं. तो किनारा चिखलाचा आहे, मशीन घेऊन उतरायचा नाही. दुमससारख्या सपाट किनाऱ्यावरही कानाला हेडफोन लावलेल्या माणसाच्या पाठीमागून पाणी भरतं. त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, ओहोटीच्या आधी दीड तास उतरा, आणि पाणी वळलं की निघा.

सापडलेल्या वस्तूचं काय, हेही ट्यूनिंगइतकंच आधी ठरवून जायचं असतं. १८७८ चा निधीविषयक कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणं हा गुन्हाच. दीवच्या किल्ल्याच्या आसपास मशीन पिशवीतून काढूच नये. कालच कुणाची तरी बोटातून निसटलेली अंगठी मिळाली तर जवळच्या पोलीस चौकीत नोंद करून द्यावी. मंगळसूत्राची वाटी हरवलेलं घर कुठल्या अवस्थेत असतं, ते वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर मशीन त्याच टबात घाला, या वेळी गोड्या पाण्याच्या. नळ जोराने सोडू नका, दाबाचं पाणी सीलच्या आत शिरतं. दांड्याचे जोड उघडे करून वाळू काढा, चार्जिंगचे संपर्कबिंदू धुऊन कोरडे करा, हेडफोनच्या जोडाच्या रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. सगळ्यात शेवटी कॉइलचं कव्हर. ते पांढऱ्या कपड्यावर उलटं करा आणि बोटाने टकटक करा. कपड्यावर जी वाळू पडेल तिच्यातून पिशवीतला चुंबक एकदा फिरवून बघा, काळे कण किती निघाले ते वहीत त्या किनाऱ्याच्या नावापुढे लिहा. पुढच्या खेपेला तिथे कुठला मोड लावायचा ते त्यावरून ठरेल.